लांबचे हिस्सेकरी

व्यापाऱ्याने काकडी मोडली, अर्धी तोंडात घातली आणि चार माणसांच्या देखत थुंकली.

"कडू," तो म्हणाला. "उचल पाट्या."

"एका काकडीवरून सगळा माल ठरवता का?"

"मग दुसरी तू खा. चल, माझ्यासमोर खा."

बारक्याने खाल्ली. तोंड वाकडं न करता, देठाकडच्या तुकड्यासकट खाल्ली. जिभेचं लाकूड झालं, पण गडी डगमगला नाही. फक्त डोळे भरून आले. ते व्यापाऱ्याने बरोबर टिपलं.

"विहिरीत नाही, पण डोळ्यांत आहे वाटतं पाणी," तो म्हणाला आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत दोघे असे होते की ज्यांना बारक्या मागच्याच आठवड्यात मोफत काकड्या देऊन आला होता.

त्याने पाट्या परत सायकलवर बांधल्या. राग कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. व्यापारी खरंच बोलत होता. पाणी तुटलं की काकडी कडू होते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

बारक्या हे काही त्याचं नाव नव्हे. थोरला भाऊ होता म्हणून हा बारका, म्हणून बारक्या. आता कानावरचे केस पिकायला लागले तरी बारक्याच.

घरी आला तेव्हा बायको वेलांत वाकलेली होती. पाट्या भरलेल्या पाहून तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "यारीवाला आलाय. विहिरीवर आबांशी बोलतोय. जा, नाहीतर आबा त्याला चहा पाजून परत पाठवतील."

यारी म्हणजे लोखंडी तिवईवर बसवलेलं इंजिन. त्याच्या दोराला लोखंडी बादली असते. खाली दोन माणसं गाळ भरतात, वर इंजिन ओढतं. शेजारच्या गावात यारीवाल्याचं काम संपत आलं होतं आणि बारक्याने हातापाया पडून त्याला विहीर बघायला बोलावलं होतं.

यारीवाला काठावर उकिडवा बसला होता. तळाशी हिरवट चिखलात बोटभर पाणी. त्यात एक बेडूक डोळे वर करून बसलेला, जणू त्यालाही उत्तर हवं होतं.

"गाळ पुष्कळ आहे," यारीवाला म्हणाला. "गाळ काढला की झरा मोकळा होईल. पण ही बाई इथे उभी आहे तोवर मी माणूस खाली सोडणार नाही."

बाई म्हणजे जांभूळ. विहिरीच्या अगदी काठावरचं, आत वाकलेलं, जुनं. त्याची मुळं दगडी बांधकामात शिरून पाक खालपर्यंत गेली होती. दोन थर पोट आल्यासारखे पुढे फुगले होते.

"वारा आला की झाड हलतं. झाड हललं की दगड हलतो. दगड हलला की खालच्या माणसाचं डोकं. झाड उतरवा, सुटे दगड उतरवा, मग माणूस उतरवतो. सोमवारी रात्री मला पुढच्या गावाला निघायचंय. त्याआधी बोला."

"आजच कापतो," बारक्या म्हणाला.

"नाही," आबा म्हणाले.

त्याच्या वडिलांचं, आबांचं, हे असंच. दिवसभर मूग गिळून बसतील आणि नको तिथे एक शब्द टाकतील. "विहीर आपल्या एकट्याची नाही. चार घरांनी खणली. दगडाला नाहीतर झाडाला हात लावायचा तर चारही घरांचा होकार पाहिजे. माझ्या बापाने पाळलं, मी पाळलं."

"आबा, त्यातली तीन घरं कधीच गेली. एकाला इथे कोंबडंसुद्धा नाही."

"घर गेलं म्हणून हिस्सा जातो का? विचार त्यांना. आता तर तुमचं ते आहे ना, रोज कुकुचकू वाजणारं."

कुकुचकू म्हणजे फोनवरचा ग्रुप.

ग्रुप थोरल्याने काढला होता. तो शहरात मोठ्या हुद्द्यावर होता आणि गाव सोडून गेलेल्या सगळ्यांना त्याने शोधून शोधून एकत्र आणलं होतं. नाव 'आपली माती'. त्यात शंभरावर माणसं होती आणि मातीत पाय असलेला म्हणाल तर बारक्या एकटाच. म्हणून त्याला भाव होता. बारक्या, आमच्या दाराची कडी अजून आहे का बघ. बारक्या, शाळेची घंटा ऐकव. बारक्या, आमच्या परसातलं लिंबू जगलंय का? तो हातातलं काम टाकून जायचा, फोटो काढायचा, टाकायचा. मग बदामांचा पाऊस. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं. घरात त्याला कोण शाबासकी देत होतं? सात समुद्रांपलीकडची आत्या, म्हणजे आबांची चुलत बहीण आणि विहिरीतली हिस्सेकरी, ती लिहायची, 'बारक्या, तुझ्यामुळे माझा दिवस उजाडतो रे.' हे काय कमी आहे?

त्याने वेलाच्या बांधावर बसून, शब्द तीनदा पुसून, लिहिलं. विहिरीने तळ गाठलाय. झाड उतरवल्याशिवाय गाळ निघत नाही. काकडी हातची चाललीय. हिस्सेकऱ्यांनी होकार कळवावा.

पहिलं उत्तर मास्तरांचं आलं. गावात शिकवून निवृत्त झालेले मास्तर आता मुलाकडे शहरात राहत. चार घरांतलं एक घर त्यांचं. 'मंगळवारीच तू विहिरीचा फोटो टाकलास. तुडुंब होती. चार दिवसांत पाणी गेलं कुठे?'

बारक्याचं तोंड पुन्हा कडू झालं. तो फोटो तीन वर्षांपूर्वीचा. काठोकाठ पाणी, त्यात जांभळीची सावली. ग्रुपवर टाकायला काही नसलं की तो तोच टाकायचा, वर सुप्रभात लिहून. लोकांना इतका आवडायचा की त्याने एकाच फोटोवर तीन वर्षं काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

'तो जुना होता,' त्याने लिहिलं.

'म्हणजे तू आम्हाला फसवत होतास?' हे शिंप्याच्या मुलाने विचारलं. तो तिसऱ्या घराचा, मोठ्या कचेरीत साहेब. मग त्यानेच तोडगा काढला. म्हणाला, मतदान घेऊ. बारक्याला हायसं वाटलं, पण मतदान उघडून बघतो तर पर्याय दोनच होते. 'झाड राहिलं पाहिजे' आणि 'झाड राहिलंच पाहिजे'.

दुसऱ्याला जास्त मतं पडली.

संध्याकाळपर्यंत तर रडारड सुरू झाली. त्या झाडाखाली कुणाचं बालपण गेलं होतं, कुणाचा पहिला दात पडला होता. एकाने कविता टाकली. ज्या माणसाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि ज्याने ती विहीर आयुष्यात कधी जवळून पाहिली नव्हती, त्याने सगळ्यात लांबलचक लिहिलं.

"उंटावरून शेळ्या हाकतायत," बायको म्हणाली. ती वाटीने तळाचं पाणी कळशीत भरून आली होती. ओले पाय, कोपरापर्यंत चिखल. "त्यांना लिहा, झाड ठेवतो, तुम्ही आळीपाळीने कळशी भरायला या."

"असं लिहिता येतं का?"

"मग काय लिहिता येतं? सुप्रभात?"

थोरल्याने आवाज पाठवला. 'बारक्या, विषय भावनेचा आहे, असा तडकाफडकी सुटायचा नाही. रविवारी दुपारी सगळे व्हिडिओवर बसू. आबांना समोर बसव. आबा बोलले की कुणाची टाप आहे नाही म्हणायची.'

हे मात्र बारक्याला पटलं. आबांनाही पटलं. "मीच विचारतो," ते म्हणाले. "असं समोरासमोर विचारायचं असतं."

रविवारी आबांनी दाढी केली. हनुवटीला दोन ठिकाणी कापून घेतलं. पेटीतला सदरा काढला. रेंज विहिरीच्या काठावर बरी मिळायची म्हणून खुर्ची तिथेच, जांभळीखाली मांडली. बारक्याने फोन हातात धरला आणि एकेक चौकोन उघडत गेला. चौकोनात मास्तर, चौकोनात शिंप्याचा मुलगा, एका चौकोनात नुसता पंखा, मग पंख्याखालून आत्या.

"आबा, ओळखलं का?"

"आवाजावरून ओळखलं. बारीक झालीस गं."

"तुम्ही मात्र आहात तसेच. टणटणीत."

आबा हसले. बारक्याने कित्येक दिवसांत त्यांचे दात पाहिले नव्हते. मास्तर म्हणाले, आबा, तो विहिरीत पडलेल्या चोराचा किस्सा सांगा. आबांनी सांगितला. चोर पडला, ओरडला, लोक दोर घेऊन आले, तर वर निघाल्यावर त्याने दोरच पळवला. चौकोनांत हशा पिकला. आणखी एक सांगा. आबांनी आणखी एक सांगितला.

"आबा, झाडाचं," बारक्या हळूच म्हणाला.

"अरे बारक्या, हो, झाड दाखव ना," आत्या म्हणाली. त्याने फोन वर केला. मग आमचं घर दाखव, आमचं दार दाखव. नाही कसं म्हणणार? बारक्या रणरणत्या उन्हात फोन पुढे धरून गल्लीतून फिरला. चटके बसत होते, चपला विहिरीवरच राहिल्या होत्या. शिंप्याच्या पडक्या भिंतीपाशी थांबला, मास्तरांच्या कुलपापाशी थांबला. "कुलूप गंजलंय रे," मास्तर म्हणाले. "जरा तेल सोड." परत येईपर्यंत फोन तव्यासारखा तापला होता.

"आता विहीर दाखव," शिंप्याचा मुलगा म्हणाला. "खरी."

बारक्या पुढे झाला. तेवढ्यात आबांनी हात आडवा घातला. "राहू दे. ऊन तिरपं आहे, नीट दिसायची नाही."

बारक्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"आबा," थोरला त्याच्या चौकोनातून म्हणाला, "तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना?"

आबांनी सगळ्या चौकोनांकडे एकदा पाहिलं. सदऱ्याचं बटण चाचपलं.

"मला काय सांगायचंय? सगळं छान आहे इकडे. तुम्ही एकदा या सगळे. इथे झाडाखाली बसू."

टाळ्या वाजल्या. आत्या रडली. थोरला म्हणाला, आजचा दिवस ऐतिहासिक. आणि चौकोन एकेक करून विझले.

बारक्याने फोन खिशात ठेवला. मग खुर्ची उचलली आणि परत ठेवली. काय करावं सुचेना.

"आबा, हे काय केलंत?"

"एवढ्या वर्षांनी माणसं दिसली," आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "पहिल्या तोंडी रडगाणं गायचं? घरी आलेल्याला कुणी सांगतं का आमच्याकडे पाणी नाही म्हणून?"

"ते घरी आले नव्हते, आबा. फोनवर होते."

"तेच ते."

"मग होकार नाही, तर कापू तरी द्या."

"होकाराशिवाय नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बारक्याने कुऱ्हाड उचलून लांब भिरकावली. ती बायकोच्या भाजीच्या वाफ्यात पडली आणि दोन रोपं मेली. बायकोने कुऱ्हाड आणून भिंतीला टेकवली. म्हणाली, "झाडाखाली बसायला बोलावलंय म्हणे सगळ्यांना. पाणी कुणाच्या घरचं पाजू?" मग जरा थांबून, "ग्रुपवर सगळे एकमेकांसाठी बोलतात. एकेकाला गाठा."

एकेकाला गाठायचं म्हणजे फोन. बारक्या पुन्हा काठावर गेला.

मास्तरांनी दुसऱ्याच रिंगला उचलला. "अरे, मला काय करायचंय ते झाड? मी काय जांभळं वेचायला येणार आहे? काप. पण हे बघ, मी वृक्षांवर एवढं लिहून बसलोय. आता कुठल्या तोंडाने फिरू? माझं नाव कुठे काढू नको. शब्द दे."

बारक्याने शब्द दिला.

शिंप्याचा मुलगा गाडीत होता. "काप रे, त्यात काय. मतदान म्हणजे जरा गंमत. पण माझं नाव नको हां, लोक मला तिकडे फार मानतात."

मग आत्याला फोन लावला. मागे कुणीतरी भांडी ठेवत होतं. "इथे आल्यागेल्याला मी ते झाड दाखवते," ती म्हणाली. "हे माझं म्हणून. दुसरं काय दाखवणार मी?" मग नाक ओढून म्हणाली, "काप बाबा. फोटो आहे माझ्याकडे. पण ग्रुपवर मला हो म्हणायला सांगू नको. हात नाही धजायचा."

तिला त्याने न मागता शब्द दिला.

सगळ्यात शेवटी थोरला. "दादा, आपल्या घराचा अर्धा हिस्सा तुझा. तूही सांग."

"अरे वेड्या, तुला मी कधी नाही म्हणालो? पण ऍडमिनला दोन्ही डगरींवर पाय ठेवावा लागतो. तू काप बिनधास्त. ग्रुपचं मी सांभाळतो. फक्त मला विचारलंस हे बोलू नको."

चारही होकार पदरात पडले. चोरीच्या मालासारखे. बारक्या घरी गेला आणि आबांना म्हणाला, "आला होकार. चारही घरांचा."

"तोंडाने म्हणाले?"

"तोंडाने. एकेकाला विचारलं."

आबांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. "मग सकाळी," ते म्हणाले. "पहिला घाव मी घालतो."

सकाळी पहिला घाव आबांनी घातला. कुऱ्हाड सालीत रुतली आणि त्यांना निघेना. यारीवाल्याची माणसं बघत उभी होती, एकजण खाकरला. आबा दोन्ही पाय रोवून ओढत राहिले, मानेच्या शिरा फुगल्या. शेवटी बारक्याने त्यांच्या हातांवर हात ठेवून ती काढली. आबा बाजूला जाऊन बसले, तळहात मांडीला पुसत.

झाड विहिरीत पडू नये म्हणून दोर लावून बाहेरच्या बाजूला ओढायचं होतं. दोराला बायको, यारीवाला आणि दोन माणसं. बारक्या खोडाशी. ओलं लाकूड, घाव बसला की चिकट पाणी उडायचं. हाताला फोड आले, फुटले, दांडा बुळबुळीत झाला. ऊन डोक्यावर यायच्या आत झाड कण्हलं, अर्ध्यात अडकलं, मग एकदम गेलं. विहिरीवर भसकन उजेड पडला. इतका, की तळ लाजल्यासारखा उघडा दिसला.

सुटे दगड काढले. माणसं उतरली. इंजिन धडधडायला लागलं आणि बादल्या वर येऊ लागल्या. काळा, सडका, लोण्यासारखा गाळ, नाक धरायला लावणारा. बारक्या आणि बायको पाट्यांनी तो ओढून शेतात टाकत होते.

रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याने आडव्या झाडाचा फोटो काढला. फोटोला पाय नसतात पण तो पोचतो. भाकरीला बसले तेव्हा बारक्याचा खिसा थरथरायला लागला आणि थांबेचना.

मास्तरांनी लिहिलं होतं, 'हा खून आहे.'

शिंप्याच्या मुलाने लिहिलं होतं, 'कुणाला विचारून? विहीर काय याच्या बापाची?'

आत्याने फुटलेला बदाम टाकला होता. एकच.

त्याखाली सगळा गाव तुटून पडला होता. नतद्रष्ट, माती विकणारा, आधी खोटे फोटो आणि आता हे. बारक्याने हातातली भाकरी खाली ठेवली. सगळ्यात खाली थोरला होता. 'या प्रकाराची मला काहीही कल्पना नव्हती. ऍडमिन म्हणून मी सर्वांची माफी मागतो.'

बारक्याने लिहायला घेतलं. फुटलेल्या फोडांच्या बोटांनी अक्षरं चुकत होती. मास्तर, काल संध्याकाळी तुम्ही. एवढं लिहिलं आणि थांबला. शब्द दिला होता. पुसलं. मग पुन्हा लिहायला गेला तर लिहायची जागाच नाहीशी झालेली. तिथे एक ओळ होती. आता या ग्रुपवर फक्त ऍडमिन लिहू शकतात.

लगेच थोरल्याचा खाजगी निरोप. 'मनावर घेऊ नको. तसं लिहावं लागतं. दोन दिवस शांत राहा. पाणी लागलं का?'

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फोन गाळात फेकावा असं वाटलं, पण फोन अजून नवा होता.

बायकोने त्याच्या खांद्यावरून वाचलं होतं. भाकरीचा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

आबा पडलेल्या खोडावर बसले होते. त्यांना तिथून कुकुचकूचा आवाज ऐकू येत होता. "काय म्हणतायत आपली माणसं?" त्यांनी विचारलं.

बारक्याने बायकोकडे पाहिलं. "काही नाही. बरं केलं म्हणतात."

"कोण?"

"सगळेच."

"मास्तर?"

"मास्तरपण."

"हा मास्तर लहानपणी ह्याच फांदीवरून पडला होता. हात मोडला, पण झाडाला शिवी देऊ दिली नाही त्याने कुणाला." आबांनी खोडावर हात फिरवला. "तोही बरं केलं म्हणतो?"

"हो."

"आणि तुझी आत्या? रडली असेल."

"नाही, आबा."

"एकानेही ओरडा केला नाही? आमचं झाड का कापलं म्हणून?"

बारक्याने फोन खिशात घातला. ओरडा केला म्हणावं, तर आबा विचारणार की मग होकार कसला आणलास. होकार कसा आणला ते सांगावं, तर आबांची माणसं आबांच्या डोळ्यांदेखत उघडी पडणार. दोन्हीकडून त्याचीच जीभ अडकत होती.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही."

आबांनी खोडावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे तुटलीच म्हणायची ती माणसं. मी उगाच धरून बसलो होतो." आणि यारीवाल्याकडे वळून अगदी व्यवहाराच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या माणसांना सांगा, जाताना याचे तुकडे करून द्या. चुलीला होईल."

"एवढं जुनं लाकूड चुलीला?"

"ठेवून कुणाला बसवायचंय?"

खाली एका माणसाला चक्कर येत होती. बारक्याने त्याला वर घेतलं आणि त्याच्या जागी स्वतः उतरला. खाली गार होतं. गाळ पिंढरीपर्यंत होता, आणि एका कोपऱ्यात फावडं घातलं की भोक लगेच पाण्याने भरत होतं. स्वच्छ, थंड. झरा मोकळा झाला होता.

"लागलं का रे काही?" वरून आबांनी विचारलं. गोल उजेडात त्यांचं डोकं काळं दिसत होतं. मागे आता फक्त आभाळ.

"लागलं, आबा."

डोकं थोडा वेळ तिथेच राहिलं.

"बरं झालं," आबा म्हणाले आणि काठावरून बाजूला झाले. बारक्याने बादली भरली, दोराला हिसका दिला आणि ओढा म्हणून ओरडला.